‘मी व्हिज्युअल लर्नर आहे’ म्हणजे नेमकं काय?

मेडिकलला ॲडमिशन झालेल्या ओळखीच्या कुणालाही विचारून बघा. पहिल्या एक-दोन महिन्यांत त्याच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतलेली असण्याची बरीच शक्यता आहे. सोळा साधेच प्रश्न असतात. कुणाला रस्ता सांगायचा असेल तर तुम्ही काय कराल? कागदावर नकाशा काढून द्याल, तोंडी सांगाल, लिहून द्याल की सरळ सोबत चालू लागाल? शेवटी बेरीज करायची आणि एक अक्षर हातात येतं. नकाशावाले ‘व्हिज्युअल’, ऐकून शिकणारे ‘ऑरल’, वाचून-लिहून शिकणारे ‘रीड-राइट’ आणि हाताने करून बघणारे ‘कायनेस्थेटिक’. या चार इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं जोडून प्रश्नावलीचं नाव झालं ‘व्हार्क’.

मराठीत याला ‘अध्ययनशैली’ म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण बोलताना कुणी वापरत नाही. बोलताना सगळे ‘लर्निंग स्टाइल’च म्हणतात, म्हणून मीही दोन्ही वापरणार आहे.

माझी शाळेतली एक मैत्रीण दोनदा नीट देऊन आता एमबीबीएसला आहे. प्रश्नावलीत तिचं ‘ऑरल’ आलं. तिने ते इतकं मनावर घेतलं की ॲनाटॉमीचं जाडजूड पुस्तक बाजूला ठेवलं आणि कानात इअरफोन घालून, मोबाइलवर लेक्चर ऐकत हॉस्टेलच्या गच्चीवर फेऱ्या मारायला लागली. पहिल्या टर्मिनलला जेमतेम मार्क पडले. यावर तिचं म्हणणं काय, तर ‘माझी स्टाइल चुकीची निघाली बहुतेक, टेस्ट परत द्यायला पाहिजे.’ हे ऐकून मी या विषयावर वाचायला बसले. मी साहित्याची विद्यार्थिनी, शरीरशास्त्राचं मला काही कळत नाही. पण ‘आपण कसे शिकतो’ हा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे.

‘व्हार्क’ आली न्यूझीलंडमधून. नील फ्लेमिंग तिथे बरीच वर्षं शाळा-तपासनीस होते. वर्गात मागे बसून तास बघता बघता त्यांना एक कोडं पडलं. काही उत्तम शिक्षक काही मुलांपर्यंत पोचतच नाहीत आणि काही सुमार शिक्षक मात्र पोचतात, असं का? पुढे लिंकन विद्यापीठात असताना त्यांनी कॉलीन मिल्स यांच्यासोबत १९९२ मध्ये एक निबंध लिहून ही कल्पना मांडली. त्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी सांगून टाकलं होतं की ही आणखी एक मोजपट्टी नाही, स्वतःच्या शिकण्याकडे बघायला लावणारं एक निमित्त आहे. पुढे तिची मोजपट्टीच झाली, हा भाग वेगळा. आणि अशी ही एकटीच नाही. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अध्ययनशैलीची मॉडेल्स मोजायला घेतली, तर ती ७१ भरली!

आपल्या देशातलं उदाहरण घेऊ. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पहिल्या वर्षाच्या ९१ विद्यार्थ्यांकडून व्हार्क भरून घेतली गेली. तो अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. ८६.८ टक्के विद्यार्थी एकापेक्षा जास्त पद्धती पसंत करणारे निघाले. कान आणि हात यांना सगळ्यात जास्त गुण मिळाले. आणि निव्वळ ‘व्हिज्युअल’ असा एकही विद्यार्थी सापडला नाही. आपल्याकडे तर दर दुसरा जण ‘मी व्हिज्युअल आहे ना’ म्हणतो. म्हणजे प्रश्नावली मनापासून भरली, तरी बहुतेकांना ती एका खणात बसवत नाही.

आता मुद्द्याचं. प्रश्नावली विचारते ‘तुम्हाला काय आवडतं?’ आणि आपण उत्तर ऐकतो ‘तुम्ही कशाने शिकता.’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. मला पोहे आवडतात ही गोष्ट खरी आहे, कुणी नाकारू शकत नाही. पण त्यावरून पोह्यांनीच माझं हिमोग्लोबिन वाढेल असं निघत नाही. ते बघायला रक्त तपासावं लागतं.

शिकण्याचं रक्त कसं तपासायचं? समजा, शंभर विद्यार्थी घेतले. त्यांच्यात काही स्वतःला ‘व्हिज्युअल’ म्हणवणारे आणि काही ‘ऑरल’. दोन्ही गटांतल्या निम्म्यांना मूत्रपिंडाचं काम चित्रांतून शिकवलं आणि निम्म्यांना फक्त बोलून. मग सगळ्यांची एकच परीक्षा घेतली. शैलीचा सिद्धांत खरा असेल, तर व्हिज्युअलवाले चित्रांच्या वर्गात पुढे जायला पाहिजेत आणि ऑरलवाले बोलण्याच्या वर्गात. सगळेच जर चित्रांच्या वर्गात पुढे गेले, तर चित्रं चांगली होती एवढंच कळलं, शैलीबद्दल काहीच नाही. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅश्लर, मार्क मॅकडॅनियल, डग रोहरर आणि रॉबर्ट बियॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी तोपर्यंतचं संशोधन याच कसोटीवर लावून पाहिलं. या पद्धतीने केलेले प्रयोगच फार थोडे सापडले. जे सापडले, त्यांतले काही तर सिद्धांताच्या उलट जाणारे होते.

यापुढचा अभ्यास मेडिकलच्या जास्त जवळचा आहे. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात ॲनाटॉमी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना व्हार्क भरायला लावली, मग ते प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात ते विचारलं आणि शेवटी त्यांचे मार्क पाहिले. २०१८ मध्ये निकाल आला. जवळपास दोन-तृतीयांश विद्यार्थी आपल्या ‘शैली’प्रमाणे अभ्यास करतच नव्हते. जे करत होते, त्यांना जास्त मार्क मिळाले नव्हते. लेक्चरच्या नोट्स बघणं, कॉम्प्युटरवरच्या मायक्रोस्कोपने स्लाइड्स तपासणं, अशा काही सवयींचा मात्र चांगल्या मार्कांशी संबंध दिसला, मग विद्यार्थ्याचं अक्षर कुठलंही असो.

तरी ही कल्पना मरत नाही. २०१२ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांना विचारलं, तर नव्वद टक्क्यांहून जास्त जणांचा तिच्यावर विश्वास होता. मला यामागचं कारण समजू शकतं. ही कल्पना मायाळू आहे. तिच्यात कुणी ‘ढ’ नसतो, प्रत्येकाचा रस्ता वेगळा असतो. ज्या मुलाला वर्षानुवर्षं ‘डोक्यात शिरत नाही का?’ ऐकावं लागलं, त्याला कुणीतरी म्हणतं, ‘बाळा, तू वेगळ्या पद्धतीने शिकतोस.’ बरं वाटणारच. पण तेच अक्षर पुढे अंगावर कपड्यासारखं चिकटतं. ‘मी रीड-राइट नाही, माझ्याने जाडी पुस्तकं होणार नाहीत’ असं अठराव्या वर्षीच ठरवून टाकलं, तर ती माया नाही उरली, ते दार बंद झालं.

आणि डॉक्टरकीत तर निवड करायची सोयच नाही. रोगी तपासण्याच्या चार जुन्या पायऱ्या आहेत: बघणं, हाताने चाचपणं, बोटांनी ठोकून बघणं आणि ऐकणं. तिसरी पायरी आली ती ऑस्ट्रियातल्या लिओपोल्ड ऑएनब्रुगरकडून. त्याचे वडील ग्राझ शहरात खानावळ चालवायचे. पिंपात दारू कुठवर आहे हे बाहेरून ठोकून कळतं, तसं छातीतलं पाणीही कळेल, हे त्याला तिथूनच सुचलं असं सांगतात. त्याचं पुस्तक १७६१ चं. चौथ्या पायरीचं हत्यार १८१६ मध्ये पॅरिसला सापडलं. हृदयाचा त्रास असलेल्या एका तरुण बाईच्या छातीला थेट कान लावणं रेने लेनेकला प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीला लावलं आणि दुसरं आपल्या कानाला. ठोके आधीपेक्षा स्वच्छ ऐकू आले. स्टेथोस्कोपची सुरुवात ती.

हे सांगायचं कारण असं, की हृदयाच्या झडपेतून रक्त मागे गळत असेल तर त्याचा आवाज ऐकूनच शिकावा लागतो, मग तुम्ही कितीही व्हिज्युअल असा. पोटातली वाढलेली प्लीहा बोटांनाच कळते. एक्स-रे डोळ्यांनीच बघायचा आणि औषधाचा डोस वाचूनच पाठ करायचा. कोणत्या इंद्रियाने शिकायचं ते विषय ठरवतो. एखाद्या गोष्टीसाठी दोन-तीन इंद्रियं एकत्र आली तर फारच छान, पण ते सगळ्यांसाठीच छान असतं.

मग माझ्या मैत्रिणीचं अडलं कुठे? मी तिला म्हटलं, तू ऐकतेस ते लेक्चर थोडं लाव. लावलं. वेगवान इंग्रजी, अधूनमधून हिंदी, आणि दर वाक्यात दोन-तीन लॅटिन शब्द. मी थांबवून विचारलं, ‘आत्ता काय म्हणाले?’ ती हसली. ‘सूर कळला, शब्द नाही कळले.’ कानाचा दोष नव्हताच. अडत होती भाषा.

बालाघाटच्या बाजूला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे घरात कुणी मराठी बोलतं, कुणी पोवारी, बैहरकडे गोंडी. शाळा हिंदी. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. त्यामुळे वारासिवनीच्या मुलाला २०१६ मध्ये सुरू झालेलं गोंदियाचं सरकारी मेडिकल कॉलेज घराजवळ असलं, तरी तिथल्या ८५ टक्के जागा महाराष्ट्राच्या कोट्यातल्या. तो जाणार जबलपूर, छिंदवाडा, नाहीतर २०२४ मध्ये उघडलेल्या सिवनीच्या कॉलेजात. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, मेडिकलच्या पुस्तकात तिसरी.

एक गंमत बघा. इंद्रधनुष्याचे रंग महाराष्ट्रातली मुलं ‘तानापिहिनिपाजा’ असे लक्षात ठेवतात. आपल्या हिंदी शाळेत आपण शिकलो ‘बैजानीहपीनाला’. रंग तेच सात, पण एक यादी तांबड्यापासून सुरू होते आणि दुसरी जांभळ्यापासून, म्हणजे अगदी उलट. दोन्ही कानासाठीच बनवलेल्या. तरीही गोंदियाच्या मुलाला आपली यादी उपयोगाची नाही आणि आपल्याला त्याची. स्मृतीची युक्ती भाषेच्या आत असते. मेडिकलमध्ये मनगटाची आठ हाडं, मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्या नसा, सगळ्यांसाठी इंग्रजीत चटपटीत वाक्यं आहेत. ज्याला त्या वाक्यातला विनोदच कळत नाही, त्याला हाडांसोबत ते वाक्यसुद्धा घोकावं लागतं.

मध्य प्रदेश सरकारने हे ओळखलं, असं निदान म्हणता येईल. १६ ऑक्टोबर २०२२ ला भोपाळमध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते एमबीबीएस पहिल्या वर्षाची तीन हिंदी पुस्तकं निघाली: ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. त्यांत वाक्यं हिंदी आणि पारिभाषिक शब्द बहुतेक इंग्रजीच, फक्त देवनागरीत लिहिलेले. यावर टीका खूप झाली, चेष्टाही झाली. मला वाटतं, प्रश्न बरोबर धरला होता, उत्तर मात्र अर्धंच आहे. नुसती लिपी बदलून शब्द आपला होत नाही. ‘पटेला’ देवनागरीत लिहिला काय आणि रोमनमध्ये लिहिला काय, तो परकाच राहतो. पण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘छोटी थाळी’ असा आहे, हे कुणी सांगितलं तर? आपली आजी त्याला काय म्हणते? गुडघ्याची वाटी! दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन माणूस आणि बालाघाटची आजी, दोघांनाही त्या हाडात स्वयंपाकघरातलं भांडंच दिसलं. आता विसरून दाखवा. तसंच मनगटातलं ‘स्कॅफॉइड’ म्हणजे नावेसारखं आणि माकडहाडाचा ‘कॉक्सिक्स’ हा शब्द ग्रीकमधल्या कोकिळेवरून आला, कारण ते हाड तिच्या चोचीसारखं दिसतं. इथे साहित्यवाले मेडिकलवाल्यांच्या थोडे कामाला येऊ शकतात, असं मी आमच्या ग्रुपवर म्हटलं तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही.

आपल्या मंडळात हे नाव नवीन नाही, तरी इथे आठवण काढावीशी वाटते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे. गोव्यात येऊन मराठी शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं, ओव्यांमध्ये. त्यांनी लोकांचे ‘श्रवणवाले’ आणि ‘वाचनवाले’ असे गट पाडले नाहीत. लोकांना ज्या भाषेत आणि ज्या छंदात पुराण ऐकायची सवय होती, ती भाषा आणि तो छंद त्यांनी उचलला. शिकवणाऱ्याने काय बदलायला पाहिजे, याचं चारशे वर्षांपूर्वीचं उदाहरण आपल्या घरातच पडलंय.

भाषा सुटली तरी एक अडचण उरतेच, ती म्हणजे समजलेलं टिकवायचं कसं. इथे संशोधन बरंच ठाम आहे. २००६ मध्ये अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं पुस्तक मिटून जेवढं आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे आपल्याला पुढे चांगलं आठवेल अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती.

डॉक्टरांवरही हे करून पाहिलंय. २००९ च्या एका अभ्यासात रेसिडेंट डॉक्टरांना दोन आजार शिकवले. एका आजाराची मधूनमधून चाचणी घेतली, दुसऱ्याची टिपणं तेवढ्याच वेळा वाचायला दिली. सहा महिन्यांनी चाचणीवाल्या आजारात सरासरी ३९ टक्के आले आणि वाचलेल्यात २६. तरी आपण काय करतो? त्याच वर्षी १७७ कॉलेज विद्यार्थ्यांना विचारलं, तर ८४ टक्के नोट्स परत वाचणारे निघाले आणि स्वतःची परीक्षा घेणारे फक्त ११ टक्के.

मला वाटतं, लर्निंग स्टाइलचं गुपितही इथेच आहे. परत वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, गुळगुळीत वाटतं आणि आपण समजतो की आलं. आवडीच्या पद्धतीने शिकतानाही तसंच वाटतं. पुस्तक मिटून आठवायला बसलं की घाम फुटतो, लाज वाटते, आणि नेमकं तेच टिकतं. वर ज्या चौघांचा उल्लेख केला, त्यांतले बियॉर्क याला हवीहवीशी अडचण म्हणतात. आपले पाढे म्हणवून घेणारे गुरुजी आणि रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्न टाकून उत्तराची वाट बघत बसणाऱ्या सिस्टर, दोघांनाही हा शब्द माहीत नव्हता. पद्धत मात्र हीच होती. फक्त ते अर्थ विचारायचे विसरले की तिची घोकंपट्टी व्हायची, हेही खरं.

मैत्रिणीने इअरफोन सोडलेले नाहीत, आणि सोडायची गरजही नाही. ती आता दहा मिनिटं ऐकते, बंद करते आणि ऐकलेलं मराठी-हिंदी खिचडीत स्वतःला सांगते, खांद्यातल्या नसांचं जाळं फरशीवर खडूने काढते. जिथे अडकेल तिथे पुस्तक. तीन दिवसांनी तेच परत, पुस्तक न उघडता. रूममेट गुजरातची आहे, तिला ही खिचडी कळत नाही. पण प्रश्न विचारायला ती चालते, उत्तर चुकलं की चेहऱ्यावरून कळतंच म्हणे.

दवाखान्यातल्या भाषेबद्दलही एक गोष्ट राहिली. २०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, त्याच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा शिकवायची तरतूद आहे. बाहेरून आलेल्यांना तिचा उपयोग होतो, हे नक्की. पण स्थानिक म्हणजे कोणती? ओपीडीत लांजीकडची बाई येऊन म्हणते, ‘घाबरल्यासारखं होते.’ याचा अर्थ छातीत धडधडतं असाही असू शकतो, श्वास कमी पडतो असाही आणि काळजी वाटते असाही. ‘पोटात गोळा येते’, ‘अंगात कणकण आहे’, ‘हातापायाला मुंग्या येतात’, यांतलं एकही वाक्य पुस्तकात नाही. आणि बैहरकडून आलेला म्हातारा जर गोंडीत बोलला, तर ती भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाहीच, ती तेलुगू-कन्नडच्या द्राविडी कुळातली. तिथे वॉर्डातली आया किंवा सोबत आलेला नातूच दुभाषी होतो. या गोष्टींसाठी कुठल्या प्रश्नावलीत रकाना नाही. आपल्या जिल्ह्यातून जे मेडिकलला गेलेत, त्यांनी अशा शंभर-दीडशे वाक्यांची यादी करायला घेतली, तर अर्थ लावायला आमच्या मंडळातले चार-पाच जण तरी बसतील. मराठी आणि पोवारी आम्ही बघू, गोंडीसाठी कुणी येत असेल तर सांगा.